तुळशीआधीचा कंदील

दसरा झाला की झाशीची संध्याकाळ घाईला येते. काल-परवापर्यंत स्वयंपाकाला लागेतो गच्चीवर ऊन रेंगाळत असायचं, आणि आज भाजी चिरता चिरता विळी दिसेनाशी होते. किल्ल्याच्या बाजूने गार वारा सुटतो, कुठून तरी गोवऱ्यांचा धूर येतो, गल्लीतली पोरं खेळ अर्धा टाकून घरात पळतात. लोकांना हे दिवस आवडतात. दिवाळी तोंडावर असते, दारोदार भिंतींना चुना लागत असतो, बाजारात नवी बोळकी, नव्या पणत्या आलेल्या असतात. मला मात्र ह्या दिवसांत लाज वाटते. कुणी काही बोललेलं नसतं, माझ्या हातून काही घडलेलं नसतं, तरी उजेड उतरायला लागला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात. दारात कुणी उभं तर नाही ना, म्हणून मी एकदा मागे वळून पाहते.

मी आता सीपरी बाजारात राहते. साठी उलटली, हाडं कुरकुरायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रोज एक अंडं खा म्हणून सांगितलं. घराखालीच किराण्याचं दुकान आहे. दुकानदाराने पहिल्याच दिवशी आवाज खाली करून विचारलं, "दीदी, काली पन्नी में दे दूँ?" मी तोंडातून शब्द काढला नव्हता. माझ्या उभं राहण्यावरूनच त्याला कळलं असावं. तेव्हापासून तो न विचारता काळ्या पिशवीत घालून देतो आणि मी ती पदराआड धरून जिना चढते. माझी लेक हसते. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतूनच यायचं. "आई, आखिर छुपा किससे रही हो?" म्हणते. प्रश्न बरोबर आहे. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ती माणसं कधीच गेली. लपवायची सवय तेवढी मागे राहिली आहे, आणि घरातली जुनी भांडी वाटण्या होऊन गेली तरी ही वाटणी मात्र पुरी माझ्याकडे आली.

आमचं घर तेव्हा लक्ष्मी गेटच्या आत होतं. आमचे पूर्वज कुठल्याशा सुभेदाराच्या मागोमाग पूजेअर्चेसाठी दक्षिणेतून इकडे आले. पुढे सत्तावनचा गदर झाला, राज्य गेलं, सुभेदार गेले, पूजा तेवढ्या राहिल्या. माझे वडील, अप्पा, पोटासाठी रेल्वेच्या कचेरीत कारकुनी करत आणि मानासाठी भिक्षुकी. मराठी घरं आधीच बोटांवर मोजण्याइतकी, त्यातही विधी पाठ असलेले अप्पा एकटेच. बारसं असो की श्राद्ध, अप्पांना बोलावणं आलं नाही असं होत नसे. त्यांचा आवाज खणखणीत होता. ते घरात संध्या करत तेव्हा रस्त्यावरचे टांगेवालेसुद्धा घोड्याला जरा दमाने हाकत, असं आई सांगायची. यात किती खरं ते तिलाच ठाऊक.

त्या वर्षी पावसाळ्यात अप्पांना मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना अप्पांचं सगळं घेऊन गेला. गालफडं बसली, पायऱ्या चढताना भिंत धरावी लागे, आणि आवाज म्हणाल तर अथर्वशीर्षाच्या मध्यावरच धाप लागून ते थांबत. गणपतीत बाहेरच्या पूजा त्यांनी कशाबशा केल्या. एका घरी आरती अर्ध्यावर राहिली आणि लोकांनी ती हिंदी आरती म्हणून पुरी केली. त्या दिवशी घरी येऊन अप्पा उपरणं न काढताच खाटेवर बसून राहिले. डॉक्टर आईला म्हणाले, "ताक़त की दवा क्या दूँ, बहनजी? दो महीने अंडे खिलाइए. और कुछ नहीं चाहिए."

आता कुणीही शहाणं माणूस काय करील? अंधार पडल्यावर कुणाला तरी पाठवून बाजारातून अंडी आणवील. आईने तसं केलं नाही. तिने हिशेब असा मांडला की अंडी रोज आणावी लागणार, म्हणजे रोज कुणीतरी बघणार. कोंबड्या एकदाच आणाव्या लागतात. म्हणजे अंडं लपवायला आम्ही कोंबड्या पाळल्या! हे मी आज लिहिते आहे तेव्हा मलाच हसू येतं, पण त्या वेळी आम्हा तिघांनाही तो हिशेब अगदी चोख वाटला होता. आणि कोंबड्या कशाला, असं कुणी विचारलंच तर उत्तरही तयार होतं. झाशीत दगड उचलला की विंचू निघतो. आमच्या अंगणातल्या फरशांखाली तर त्यांचं गावच होतं. कोंबडी विंचू टिपते. तेव्हा कोंबड्या विंचवांसाठी.

गरौठ्याहून एक बाई गल्लीत भाजी विकायला यायची. तिने झाकल्या टोपलीतून चार कोंबड्या आणून दिल्या. कोंबडा नको, हे आईने तिला दोनदा बजावलं होतं, कारण कोंबडा पहाटे सगळ्या पेठेला उठवून आमचं नाव सांगेल. एक तांबडी, एक काळी, एक ठिपक्यांची आणि एक उघड्या मानेची. त्यांना नावं ठेवली नाहीत. नाव ठेवलं की ती घरची झाली, आणि आम्हाला त्या घरच्या नको होत्या. अप्पांच्या देखत तर 'कोंबडी' हा शब्दही कुणी काढत नसे. अंड्याला आमच्याकडे 'दवा' म्हणत.

पण कोंबडी बोलते. अंडं घातलं की ती आधी हळू, मग मोठ्याने, मग अगदी बोंबलून सगळ्यांना सांगते. काळी तर फारच आनंदी स्वभावाची होती. ती सुरू झाली की आई उखळात काहीतरी कुटायला घ्यायची, कधी कधी उखळ रिकामंच असायचं. मी बारावीला होते. मला हुकूम होता की कोंबड्या ओरडल्या की धडा मोठ्याने वाचायचा. शेजारणी आईजवळ माझं कौतुक करायच्या, "बिटिया कितना पढ़ती है!" आई मान खाली घालून तांदूळ निवडायची. त्या कौतुकाने ती कधी फुलली नाही, उलट आणखी वाकायची.

आणि अप्पा. त्यांची दवा खाण्याची रीत मी कधी कुणाला सांगितली नव्हती. माजघराच्या कोपऱ्यात ते भिंतीकडे तोंड करून पाटावर बसत. आई मागून ताटली सरकवायची आणि बाजूला व्हायची. मग अप्पा जानवं उचलून उजव्या कानाला गुंडाळत. परसाकडे जाताना जानवं कानाला लावतात, विटाळू नये म्हणून. अप्पा अंडं खाताना लावत. आणि जानवं कानाला असेतो बोलायचं नाही, ते मौनही पाळत. मी दारातून त्यांची पाठ पाहायची. खांद्याची हाडं वर आलेली, मान खाली, आणि कानाला तो पांढरा दोरा. घशाखाली घास उतरताना पाठ किंचित हलायची. आपल्या बापाला जेवताना पाहून मला शरम वाटायची, त्यांची की त्यांच्यासाठी ते मला त्या वयात सांगता आलं नसतं. आजही नीट सांगता येत नाही.

दवा लागू पडत होती. आठ-दहा दिवसांतच गालांवर जरा रंग यायला लागला. पण पितृपक्ष आला आणि अप्पांनी ती बंद केली. वडिलांना पिंड द्यायचे आणि तोंडाला हे, ते त्यांना जमेना. आई अंडी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवू लागली. आजोबांच्या तिथीला कावळ्याचं पान भिंतीवर ठेवलं आणि आम्ही वाट पाहत उभे राहिलो. कावळा लिंबावर बसून मान वाकडी करून बघत होता. एवढ्यात उघड्या मानेची भिंतीवर चढली आणि तिने वडा उचलला. अप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते तसेही कोंबड्यांकडे कधी पाहत नसत, अंगण ओलांडायचं तर नजर आभाळाकडे लावून ओलांडत. त्या दिवशी ते फक्त पळी ताम्हणात ठेवून आत निघून गेले. वड्याचं दुसरं पान आईने वाढलं आणि मी काठी घेऊन तिथे उभी राहिले.

पण खरी अडचण दिवेलागणीची होती. कचेरीतल्या लाकडी खोक्यांचं एक खुराडं आईने न्हाणीघराच्या बाजूला उभं केलं होतं, आत आडवी दांडी, खाली पेंढा. कोंबड्यांनी संध्याकाळी त्यात जावं, एवढीच अपेक्षा. त्या जायच्या नाहीत. उजेड कमी झाला की चौघी अंगणाच्या मध्ये गोळा व्हायच्या आणि एकामागून एक उडून तुळशीवृंदावनावर बसायच्या. तांबडी तर थेट वरच्या कठड्यावर. आणि हीच वेळ लोकांच्या येण्याची. कुणी मुहूर्त विचारायला येई, कुणी सत्यनारायणाचं सामान लिहून घ्यायला. दाराची कडी वाजली की मी आणि आई अंगणात धावायचो, मी झाडू घेऊन, आई पदर खोचून. कोंबड्या अंगणभर, कडी वाजतेच आहे, आणि आई तोंडाने म्हणते आहे, "आले, आले, हात ओले आहेत!"

गरौठ्याच्या बाईला आईने उपाय विचारला तर ती म्हणाली, "दो-चार दिना मूँद कें राखो बाई, फिर अपने आप भीतर जैहैं." ते आम्ही करून पाहिलं. कोंडलेल्या कोंबड्यांनी दुपारपर्यंत असा काही गलका केला की पलीकडच्या गच्चीवरून विचारणा झाली. आईने घाबरून दार उघडलं. लाज असली की साधा उपायही करता येत नाही. मग उरलं ते हाताने धरून आत टाकणं. पण कोंबडीला हात लावला की आईला आंघोळ, आंघोळीशिवाय तुळशीला दिवा नाही, आणि कोंबड्या हटेपर्यंत तुळस मोकळी नाही. दसऱ्याच्या सुमाराच्या गार वाऱ्यात ती माउली रोज तिन्हीसांजेला गार पाण्याने न्हायची. केसांतून पाणी निथळत असताना निरांजन घेऊन तुळशीसमोर उभी राहायची तेव्हा तिचे दात वाजायचे, आणि वृंदावनाच्या कठड्यावरची शीट पुसलेली ओल तिथे दिसत असायची. मला त्या तुळशीकडे बघवत नसे.

एकदा संध्याकाळी वीज गेली होती. आई कंदील घेऊन खुराड्यात अंडं शोधत होती, तेवढ्यात कुणी हाक मारली म्हणून कंदील तिथेच खिळ्याला अडकवून ती दाराशी गेली. परत येऊन बघते तर चौघी आत, दांडीवर ओळीने बसलेल्या. मग ती हळूच म्हणाली, "कुसुम, ह्या तुळशीपाशी तुळशीसाठी नाही गं जात. अंगणात शेवटचा उजेड तिथेच राहतो म्हणून जातात. कोंबडीला संध्याकाळी दिसत नाही ना. ह्यांना अंधारात घुसायला भीती वाटते." इतके दिवस आम्ही त्यांना झाडूने अंधारात ढकलत होतो.

तेव्हापासून क्रम बदलला. उजेड उतरायच्या आधी आई खुराड्यात कंदील लावायची, आत मूठभर तांदूळ फेकायची. तांदूळ फळीवर टपटप वाजले की चौघी पळत येऊन आत जायच्या. मग खुराड्याचं दार लागायचं आणि मगच तुळशीचा दिवा. म्हणजे आधी कोंबड्यांचा दिवा आणि नंतर तुळशीचा. आमच्यासारख्या घरात ही काही लहान गोष्ट नव्हती. कंदील घेऊन अंगणातून जाताना आई तुळशीकडे बघायची नाही, पण तिला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटायची, "तुळशीबाई, थोडं थांब गं. ह्यांना आधी निजवू दे." माझ्याकडून तिने वचन घेतलं की हे अप्पांना कळता कामा नये. ते संध्या करत आत बसलेले असत. त्यांना काय कळणार, असं आम्हाला वाटायचं.

दिवाळीपर्यंत अप्पांचा आवाज परतला. पक्ष संपताच आईने डब्यातली दवा पुन्हा सुरू केली होती. लक्ष्मीपूजनाला त्यांनी अनेक घरं केली आणि कुठेही धाप लागली नाही. आई दारात उभी राहून लांबून येणारा तो आवाज ऐकायची आणि डोळे पुसायची. आणि मग आलं तुळशीचं लग्न.

तुळशीचं लग्न दरवर्षी आमच्याच अंगणात होई. सगळी मराठी घरं जमत, शेजारचे हिंदी बोलणारेही हौसेने येत. आईने चार दिवस आधीपासून घासून-पुसून वृंदावन गेरूने रंगवलं. उसाचा मांडव केला, मुळाशी चिंच, बोरं, आवळे ठेवले. कोंबड्यांना तिने दुपारीच न्हाणीघरात कोंडलं, खुराड्यावर जुनी सतरंजी टाकली आणि त्यावर पाहुण्यांच्या पिशव्या ठेवायची सोय केली. सगळा विचार केला होता तिने. फक्त न्हाणीघराच्या दाराची खालची फळी कुजली होती, आणि दुसरी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. माझ्याही आली नाही.

गोरज मुहूर्त. उजेड उतरला होता. तुळशीभोवती पणत्याच पणत्या लावल्या होत्या. एका बाजूला बाळकृष्ण हातात धरून द्वारकाकाकू उभ्या होत्या. द्वारकाकाकू म्हणजे आमच्या मराठी मंडळीत सगळ्यांत वडीलधाऱ्या. सोवळ्याओवळ्याचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी कुणाच्या घरी पाणी घेतलं नाही की त्या घरी इतरांचाही घोट अडायचा. त्यांची सून गरोदर होती, सातवा महिना. चेहरा पांढराफटक. उभं राहवेना म्हणून ती पायरीवर टेकली होती. मध्ये अंतरपाट. आणि पलीकडे रेशमी सोवळ्यात अप्पा.

अप्पांनी पहिलं मंगलाष्टक असं काही उचललं की अंगणातली कुजबुज थांबली. कितीतरी महिन्यांनी तो जुना आवाज आमच्या भिंतींना जाऊन लागत होता. काकूंनी मान डोलावली. "आवाज काय लागलाय, अप्पाजी!" कुणीतरी मागून म्हणालं. 'सावधान' झालं आणि पन्नास हातांनी तुळशीवर अक्षता टाकल्या. तांदूळ फरशीवर टपटप वाजले.

दिवा आणि तांदूळ. आम्ही दोघींनी महिनाभर रोज संध्याकाळी त्यांना हेच शिकवलं होतं.

न्हाणीघराच्या दाराखालून आधी उघडी मान बाहेर आली. मग सगळ्याच. पंख पसरून त्या पळत आल्या, लोकांच्या पायांमधून, लुगड्यांच्या निऱ्यांमधून, आणि अक्षता टिपायला लागल्या. "अरे मुर्गी! मुर्गी आ गई!" कुणी पोर ओरडलं. तांबडीने एक झेप घेतली, उसाचा मांडव हलला, आणि ती नवरी झालेल्या तुळशीच्या कठड्यावर, रोजच्या जागी, जाऊन बसली.

तेवढ्या शांततेत आईचा आवाज आला, "विंचवांसाठी ठेवल्यात." इतका बारीक की तो तिचा वाटेना. द्वारकाकाकूंनी कोंबडीकडे पाहिलं. मग पाहिलं अप्पांकडे. त्यांच्या भरलेल्या गालांकडे. मी काकूंचा चेहरा पाहत होते आणि त्यावर सगळं एकेक करून उमटत गेलेलं मला दिसलं. अप्पांनाही दिसलं. त्यांचा चेहरा कानापर्यंत तांबडा झाला. पुढचं मंगलाष्टक त्यांनी म्हटलं, पण तोंडातल्या तोंडात. त्यांचा तो नवा आवाज त्यांनी असा झाकून घेतला, जसा काही तोच चोरीचा माल होता. उरलेलं लग्न घाईघाईत उरकलं. लोकांनी प्रसाद घेतला, नेहमीपेक्षा कमी बोलले आणि गेले. कुणी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. टोमण्याला उत्तर देता येतं. लोक आमच्याकडे न बघता चपला शोधत होते, त्याला काय उत्तर द्यायचं?

त्या रात्री अप्पा आईला एवढंच म्हणाले, "दवा बंद. आणि कुणी बोलावायला आलं तर मी घरी नाही म्हणून सांग." बोलावायला कुणी आलंच नाही. कार्तिक सरत आला, लग्नाचे मुहूर्त सुरू व्हायचे दिवस, आणि आमच्या दाराची कडी वाजत नव्हती. आता कोंबड्या तुळशीवर बसल्या असत्या तरी पाहायला कुणी नव्हतं, तरी आई रोज कंदील लावून त्यांना वेळेवर आत घालत होती. अंडं उकडून रोज ती अप्पांमागे ताटली सरकवायची. सवयीने अप्पा पाटावर बसत, सवयीने जानवं कानाला लावत, आणि ताटलीकडे बघत राहत. थोड्या वेळाने आई ती तशीच उचलायची. गाल पुन्हा बसायला लागले. हा माणूस मरेल पण बोल लावून घेणार नाही, हे आईला दिसत होतं. ती माझ्याशीसुद्धा बोलेनाशी झाली होती.

मला राग यायचा. काकूंचा नाही. आमचा, आमच्या ह्या घराचा. काय केलं होतं आम्ही? चोरी नाही, चहाडी नाही. एक आजारी माणूस बरा व्हायला निघाला होता. पण हा राग दुपारपर्यंत टिकायचा. संध्याकाळी अंगणात झाडू घेऊन उभी राहिले की मला पुन्हा त्या पायांमधून पळणाऱ्या कोंबड्या दिसायच्या आणि फरशीने पोटात घ्यावं असं वाटायचं. लाज खरी असायला चूक खरी असावी लागत नाही. आज काळी पिशवी पदराआड घेऊन जिना चढते तेव्हा मला हे पटतं, आणि तरी मी पिशवी बाहेर काढत नाही.

एक दिवस दुपारी कडी वाजली. दारात द्वारकाकाकू. काकू आत आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या राहून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुमती, आमच्याकडे विंचू फार झालेत गं."

आईला कळेना.

"कालच माजघरात निघाला एक," काकू म्हणाल्या. त्यांची नजर आईच्या खांद्यावरून अंगणात गेली. "सून सात महिन्यांची. पाय कुठे पडेल, पता नाही. एखादी दे मला. ती काळी चालेल."

आईने काळीला टोपलीत घातलं, वरून फडकं बांधलं. काकूंनी टोपली पदराखाली घेतली. काळीने आतून एकदा आवाज केला तशा काकू मोठ्याने खोकल्या आणि खोकतच गल्लीने गेल्या. आई दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत होती. तिच्या ओठांवर हसू येऊ पाहत होतं, पण ती ते येऊ देत नव्हती. संध्याकाळी तिने ताटली सरकवताना अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकलं. ताटली तशीच परत आली.

मग थोडेच दिवस गेले असतील. अशीच कार्तिकातली संध्याकाळ. आई नुकतीच खुराड्यावरून आली होती, अप्पा पाटावर बसले होते, भिंतीकडे तोंड, जानवं कानाला, पुढ्यात ताटली. काकू ह्या वेळी उंबरा ओलांडून थेट माजघराच्या दारापर्यंत आल्या. अप्पा आत बसलेत हे त्यांना दिसत होतं. ते काय खायला बसलेत हेही दिसत होतं. मी दिव्यापाशी होते. तो विझवावा असं मला क्षणभर वाटून गेलं.

पण काकू दमल्या होत्या. त्यांच्या लुगड्याला पेंढा लागला होता आणि हातावर ओरखडा होता. "सुमती, ती आत नाही जात गं," त्या म्हणाल्या. "मी पाटी ठेवली, पेंढा घातला, कोंडून बघितली. दिवेलागणी झाली की तुळशीवर चढून बसते. मी काय करू सांग? आत्तासुद्धा तिथेच बसलीय. तुळशीला दिवा लावायचा कसा?"

सांगायचं तर काय सांगायचं? की आम्ही रोज तुळशीआधी कोंबड्यांना दिवा लावतो? काकूंना? अप्पा ऐकत असताना? आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

अप्पांची पाठ हलली. त्यांनी हात वर नेला आणि कानावरचं जानवं सोडवून खाली खांद्यावर घेतलं. तोंड भिंतीकडेच होतं.

"आधी खुराड्यात कंदील लावा, काकू," ते म्हणाले. "तुळशीचा दिवा मागून. तांदूळ टाका मूठभर, फळीवर वाजतील असे. जाते ती."

आईने पदर तोंडावर दाबला. तिन्हीसांजेला पुटपुटलेलं सगळं ह्या माणसाने आतून ऐकलं होतं, आणि इतके दिवस तो गप्प राहिला होता.

"तुळशीला चालतं ते?" काकूंनी विचारलं.

"आमच्या तुळशीला चाललं," अप्पा म्हणाले. त्यांची मान अजून खालीच होती, कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मग त्यांनी ताटली पुढे ओढली. काकू दारातच उभ्या होत्या, तरीही. जानवं त्यांनी पुन्हा कानाला लावलं नाही.